पाणबुड्याचे तरण-जाकीट
पाणबुड्याचे तरण-जाकीट : श्वसनयंत्र पाठीवर घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यास आपली तरणक्षमता इच्छेनुसार कमीजास्त करता यावी म्हणून अंगात घालावयाचे, हवा भरता व सोडता येणारे जाकीट. पाणबुड्यांच्या बोलण्यात ते ‘बीसीडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. या साधनाच्या इतिहासात रचनेइतकेच महत्त्व त्याच्या निगेला आहे. कारण जवळजवळ प्रत्येक सुधारणेबरोबर तपासावयाचा एक नवा भाग त्यात आला.

झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा पुरविणारे श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. कमरपट्ट्यातील शिशाची वजने व फुप्फुसांतील हवा यांवरच पाणबुड्याचा तोल अवलंबून असे. १९५२ च्या सुमारास अमेरिकन भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनच्या फेसाळ रबराचा पोशाख पुढे आणला आणि अडचण उघड झाली. या रबरातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे खोलीवरील दाबाने आकसतात. त्यामुळे पृष्ठभागी तरंगणारा पाणबुड्या खाली जाताच जड होतो. शिवाय १२ लि. धारणेच्या टाकीत २०० बार दाबाखाली सु. ३ किग्रॅ. हवा असते, ती संपत आली की तो पुन्हा हलका होतो. हे दोन्ही फरक सांभाळण्यासाठी फुगविता येणारी पिशवी आवश्यक ठरली.

आरंभीच्या पिशव्या गळ्यात अडकविण्याच्या असून मूळच्या जीवरक्षक जाकिटांवरून घेतलेल्या होत्या. तोंडाने फुंकून अथवा कार्बन डाय-ऑक्साइडाची लहान पोलादी नळकांडी फोडून त्या फुगवीत. या नळकांड्यांवर विसंबणे फारसे शहाणपणाचे नव्हते. १६ ग्रॅ. वायू पृष्ठभागी सु. ९ लि. जागा व्यापतो, पण ३० मी. खोलीवर दाब चौपट असल्याने तोच वायू सु. २ लि. इतकाच भरतो. त्यात खाऱ्या पाण्याने नळकांडी व ती फोडणारी तरफ गंजत. म्हणून दर बुडीपूर्वी नळकांडे काढून त्याचे वजन करणे आणि तरफ हलवून पाहणे आवश्यक असे. फ्रान्समधील मोरिस फेन्झी यांच्या १९६१ मधील जाकिटाला हवेची छोटी स्वतंत्र बाटली जोडलेली होती, त्यामुळे ही उणीव बरीच भरून निघाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात जाकीट बंडीसारखे अंगात घालता येऊ लागले व मुख्य टाकीचीच हवा कमी दाबाच्या नळीने, कळ दाबताच, त्यात घेण्याची सोय रूढ झाली.

ही कळ म्हणजे सोयीचे आणि धोक्याचेही स्थान होय. तिच्या झडपेत वाळलेल्या मिठाचे स्फटिक किंवा वाळूचे कण अडकले, तर कळ सोडल्यावरही हवा आत येत राहते. पाणबुड्या वर उचलला जातो. वर जाताना दाब घटून जाकिटातील हवा प्रसरण पावते आणि वेग आणखी वाढतो. बॉइल यांच्या नियमानुसार (१६६२) १० मी. खोलीवरून पृष्ठभागी येईपर्यंत वायूचे घनफळ दुप्पट होते. म्हणजे हा अखेरचा टप्पाच सर्वांत घातक. श्वास रोखलेला असल्यास फुप्फुसे फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात व मृत्यूही ओढवतो. अशा वेळी भरणनळी तत्काळ सोडविणे व हवा सोडण्याची झडप उघडणे, हाच उपाय असतो. म्हणून ही जोडणी सहज सुटते की नाही, हे कोरड्या जमिनीवरच पाहावे लागते.

निगेची रीत साधी आहे. मात्र तीतील आतून धुण्याचा भागच बहुधा टाळला जातो. बुडीत थोडे पाणी पिशवीत शिरतेच. ते काढून आत गोडे पाणी घालून हलवावे व सर्व झडपांतून बाहेर सोडावे. अन्यथा मीठ साचते, दमटपणामुळे बुरशी व जंतू वाढतात आणि पिशवीतील हवा श्वासावाटे घेणे घातक ठरते. जाकीट सावलीत, अर्धवट फुगवून वाळवितात. घडी घालून ठेवल्यास पॉलियुरेथेनाचा लेप चिकटतो व उन्हाने कापडही कमजोर होते.

तपासणीत जाकीट अतिदाब झडप उघडेपर्यंत फुगवून रात्रभर ठेवतात. ते सैल पडल्यास शिवणी, नळीचे बंध व झडपांची बैठक साबणाच्या पाण्याने पाहतात. अतिदाब झडप उघडलीच नाही, तर हवा टिकली तरी जाकीट सदोष समजावे, हे विसरता कामा नये. झडपांची स्प्रिंग व रबरी कडी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घेण्याचा प्रघात आहे. युरोपात या साधनांसाठी ईएन १८०९ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हौशी पर्यटकांच्या पहिल्या बुडीत जाकिटाची कळ प्रशिक्षकाच्या हाती असते. एकच जाकीट दिवसभरात अनेकांच्या अंगावर चढते. तेथे दोन बुडींच्या मध्ये कळ व झडपा दाबून पाहण्यास जेमतेम मिनिटभर लागते.