बाकावरची दोन इंच गादी

रात्रीच्या गाडीने दुसऱ्या वर्गाच्या शयनडब्यातून जाणारा मनुष्य आज गादीच्या बाकावर पाठ टेकतो, आणि त्यात विशेष असे काही त्याला वाटत नाही. पण १९७७ पर्यंत हे बाक नुसत्या लाकडी फळ्यांचे होते, बरे का! ही गादी आली कोठून, तेच आज सांगायचे आहे.

ती आणली प्रा. मधू दंडवते यांनी. १९२४ साली अहमदनगरला त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. बेचाळीसच्या चळवळीत ते होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही होते. १९७१ पासून कोकणातल्या राजापूरने त्यांना लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठविले. आणीबाणीत ते बंगलोरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, असा संसार झाला. तुरुंगातून सुटलेला हा समाजवादी १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाला.

आता समाजवाद्याने सत्तेवर येऊन करावे काय? पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर आणायचे, असे दंडवत्यांचे म्हणणे. लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची गादी चढू लागली. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले. त्याच वर्षी, डिसेंबर १९७७ मध्ये, आपल्या नागपूरवरून जाणारी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली. पहिला वर्ग नसलेली ती गाडी होती.

असाच प्रश्न फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मितराँ यांच्यापुढे आला. १९८१ ते १९९५ अशी चौदा वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. आल्याआल्या त्यांनी फाशीची शिक्षा रद्द केली, कामगारांना पगारी रजेचा पाचवा आठवडा दिला, बँका सरकारी केल्या. पण महागाई आणि तूट वाढली, तेव्हा १९८३ मध्ये त्यांना काटकसरीकडे वळावे लागले. बँका पुढे खाजगी झाल्या. रजा मात्र राहिली, आणि फाशी परत आली नाही.

दंडवत्यांनाही हिशेब चुकला नाही. १९९० मध्ये ते अर्थमंत्री असताना शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली. अडलेल्या कुणब्याला दिलासा मिळाला. पण बँकांवर भार पडला आणि परतफेडीची शिस्त ढिली झाली, ही टीकाही झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी राजापूरला त्यांचा पराभव झाला. १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते निवर्तले.

गीतांजलीला पुढे वातानुकूलित डबे लागले. ती एकाच वर्गाची राहिली नाही. गादी मात्र कोणत्याही सरकारने काढली नाही. जी सोय लोकांना आपला हक्क वाटू लागते, ती परत घेणे कठीण असते. गुरुजींनी इतिहासाच्या तासाला मुलांना एवढेच विचारावे: ही गादी येथे पहिल्यापासून होती का रे?