मजकुरातला पहिला शब्द वेगळा कसा काढतात? ‘सानपाडा’चा नुसता ‘स’ का उरतो?

पत्त्यांच्या किंवा नावांच्या लांबलचक यादीतून प्रत्येक ओळीचा फक्त पहिला शब्द हवा असेल, तर तो हाताने उतरवण्याची गरज नसते. संगणकाला एक नमुना सांगितला की तो तसाच भाग शोधून देतो. अशा नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा थोडक्यात रेजेक्स म्हणतात. गूगल शीट्समध्ये रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट या सूत्राने तो वापरता येतो.

नमुना कसा वाचायचा?

समजा, ओळ अशी आहे: सानपाडा सेक्टर 5, नवी मुंबई 400705

त्यासाठी नमुना: ^[^ ]+

- सुरुवातीचे ^ : ओळीच्या आरंभापासून शोधा.
- [^ ] : कंसातले ^ म्हणजे ‘सोडून’. इथे रिकामी जागा सोडून कोणतेही चिन्ह चालेल.
- \+ : असे चिन्ह एक किंवा अधिक वेळा.

पहिली रिकामी जागा आली की शोध थांबतो. उत्तर: सानपाडा.

ओळ ‘सानपाडा, सेक्टर 5’ अशी असेल तर स्वल्पविरामही सोबत येतो. तो टाळायला कंसात त्याचीही भर घालावी: ^[^ ,]+

ओळीच्या आधीच चुकून रिकामी जागा पडली असेल, तर ^ *([^ ,]+) वापरावा. गोल कंसातला भागच उत्तर म्हणून मिळतो.

मराठीत गडबड कुठे होते?

अनेक ठिकाणी ‘शब्दातले अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण सुचवतात. इंग्रजी मजकुरावर ती चालते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ही खूण देवनागरी अक्षरे ओळखतच नाही. पायथनचे नेहमीचे रेजेक्स अक्षर ओळखते, पण काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे तिथे ‘सानपाडा’चा ‘स’ उरतो, ‘पनवेल’चे ‘पनव’ आणि ‘सचिन’चे ‘सच’ होते.

‘कमल’सारखे बिनमात्रेचे नाव मात्र बरोबर येते. त्यामुळे चाचणीसाठी तेवढेच घेतले तर चूक लक्षात येत नाही. ‘रिकामी जागा सोडून सगळे’ हा नमुना भाषेवर अवलंबून नसल्याने मराठीसाठी तोच भरवशाचा.

पहिला शब्द म्हणजे नावच का?

नेहमी नाही. ‘तेंडुलकर सचिन रमेश’ या क्रमात पहिला शब्द आडनाव आहे, तर ‘सचिन रमेश तेंडुलकर’मध्ये स्वतःचे नाव. महाराष्ट्रात दोन्ही पद्धती रूढ आहेत. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक करताना स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. जुन्या-नव्या याद्या एकत्र केल्या, तर एकाच रकान्यात नावे आणि आडनावे मिसळतात. तसेच ‘नवी मुंबई’चा पहिला शब्द फक्त ‘नवी’.

नमुन्याला जागा कळते, अर्थ कळत नाही. म्हणून यादीचा क्रम आधी तपासावा आणि काना-मात्रा, जोडाक्षरे असलेल्या चार-पाच ओळींवर नमुना चालवून पाहावा.