सिलिॲक आजार : गव्हाविना चालणारे घर आणि आपल्या सर्वांची पंगत

सिलिॲक हा लहान आतड्याचा, आयुष्यभर सोबत राहणारा आजार आहे. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. गहू, जव म्हणजेच बार्ली आणि राय ही तीन धान्ये कायमची बंद करणे हा एकच उपचार आहे. ऐकायला सोपा वाटणारा हा उपचार एकट्या रुग्णाचा राहत नाही, तो सगळ्या घराचा होतो. आणि मूल घराबाहेर पडले की तो वस्तीचा, शाळेचा, रेशन दुकानाचा आणि विहाराचाही होतो.

आपल्या समाजात या आजाराची चर्चा फारशी होत नाही. गहू न खाणे म्हणजे श्रीमंतांचे डाएट, असाच अनेकांचा समज आहे. म्हणून तरुण आणि कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी अशी माहिती येथे एकत्र देत आहे.

आजार नेमका काय आहे?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिॲक असलेल्या व्यक्तीच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही. उष्टे खाल्ल्याने, सोबत राहिल्याने तो होत नाही. मात्र त्याचा कल आनुवंशिक असतो. रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांमध्ये तो असण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरली जाते. म्हणून एकाचे निदान झाले की घरातील सर्वांची तपासणी करावी.

जगात साधारण १०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तर भागात त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आढळले, तर दक्षिणेत ते बरेच कमी आढळले. महाराष्ट्रात आज बहुतेक घरांत रोज चपाती होते, त्यामुळे "हा आपल्याकडचा आजार नाही" असे म्हणून चालणार नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळीकडे मुले खंगत असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडले.

लक्षणे : कुपोषण समजून सोडून देऊ नका

लहान मुलांत वारंवार जुलाब, फुगलेले पोट, काडीसारखे हातपाय, वजन आणि उंची न वाढणे, चिडचिड ही लक्षणे दिसतात. पण प्रत्येकाला जुलाब होतीलच असे नाही. काहींना उलट बद्धकोष्ठता असते. मोठ्यांत लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, सततचा थकवा, हाडे ठिसूळ होणे, पाळी उशिरा येणे, वारंवार गर्भपात, तोंडात फोड किंवा अंगावर खाजणारे पुरळ एवढेच दिसू शकते.

गरीब वस्तीत धोका असा की ही सगळी लक्षणे गरिबीच्या खात्यात टाकली जातात. मूल रोडावले आहे, मग त्याला अंगणवाडीचा आहार वाढवा, चपाती-दूध द्या, असे सांगितले जाते. सिलिॲक असलेल्या मुलाला जास्त चपाती देणे म्हणजे आजार वाढवणे. सुनेचा रक्तक्षय हटत नाही, गर्भ टिकत नाही, तर दोष तिच्या अंगाला लावला जातो. आहार आणि औषध देऊनही मूल किंवा बाई सुधारत नसेल, तर "सिलिॲकची तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न कार्यकर्त्याने विचारायलाच हवा.

तपासणी कशी होते?

पहिली पायरी रक्ततपासणीची. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. सोबत एकूण आयजीए किती आहे हेही पाहतात. अहवालात दोष आढळला तर डॉक्टर बहुधा दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग किंवा पोटविकार विभागात यासाठी जावे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तपासणीपूर्वी गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातील खुणा कमी होतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो. कुणाच्या सांगण्यावरून मनानेच गहू सोडला, तर निदान वर्षानुवर्षे लांबते. मधुमेहाचा पहिला प्रकार, थायरॉईडचे काही आजार आणि डाऊन सिंड्रोम असलेल्यांत सिलिॲकचे प्रमाण जास्त असते, त्यांची तपासणी आवर्जून करावी.

काय चालते, काय चालत नाही?

आपल्या मातीतले बहुतेक धान्य ग्लुटेनमुक्त आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, बेसन, शेंगदाणे, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, मटण हे सर्व चालते. भाकरी-पिठले, भात-वरण, पोहे, आंबील, घावन हे जेवण नवे शिकावे लागत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. झिजलेल्या हाडांना ते हवेच असते. फक्त भातावर मुलाला ठेवू नये. त्याने पोट भरते, पण लोह आणि तंतू कमी पडतात.

चालत नाही ते उघड आहे : चपाती, पुरी, पाव, बिस्किट, टोस्ट, खारी, मैद्याचे सर्व पदार्थ, रव्याचा शिरा आणि उपमा, शेवया, दलिया, कुरडई, पानगे, बट्टी. "खपली गहू पचायला हलका, तो चालतो" असे सांगणारे भेटतात. खपलीतही ग्लुटेन असते, तो चालत नाही. बिअर जवाची असते, पण पंचशील पाळणाऱ्या घरात तो प्रश्नच येत नाही.

खरी फसगत लपलेल्या गव्हात होते.

- हिंग : बाजारातील बांधीव आणि पूड हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. वेष्टन वाचूनच घ्यावा, नाहीतर हिंगाविना फोडणी द्यावी.
- थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट : यांत सहसा गहू असतो. घरी गव्हाविना करावे.
- नाचणी सत्त्व, दुधात घालायच्या पावडरी : यांत गहू किंवा जवाचे माल्ट असू शकते.
- सोया सॉस, तयार सूप, सुटे मसाले, सुटी पिठे.
- ओट्स : स्वतः वेगळे धान्य असले तरी त्यात गहू-जव मिसळलेले असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.
- तळणीचे तेल : ज्या कढईत समोसे तळले, त्याच तेलातली बेसनाची भजीही चालत नाहीत.

पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ही महागडी पाकिटे न घेताही घर नीट चालते. पाकिटांपेक्षा स्वच्छ ज्वारी-तांदूळ मिळणे महत्त्वाचे.

"एका घासानं काय होतं?"

हे वाक्य प्रत्येक सिलिॲक घराने ऐकलेले असते. उत्तर हिशेबाने देऊ. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते. एका मध्यम चपातीत ढोबळमानाने दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचा पन्नासावा तुकडाही रोज गेला तर नुकसान आहे. मुलाला लगेच काही झाले नाही, म्हणजे आत काही होत नाही असे नाही.

म्हणूनच स्वयंपाकघराची घडी बदलावी लागते. शक्य असेल तर सगळ्या घरानेच गहू सोडणे सर्वांत सोपे. एका खोलीत संसार असेल, तिथेच कणीक मळली जात असेल, तर पीठ उडून सगळीकडे बसते. ते शक्य नसेल तर रुग्णासाठी परात, पोळपाट-लाटणे, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. त्याचे जेवण आधी करावे, गव्हाचे नंतर.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेली कणीक ज्वारीत येते. फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधावी किंवा वस्तीतील चार-पाच घरांनी मिळून घरगुती गिरणी घ्यावी. बचत गटासाठी हे चांगले काम आहे.

रेशन, अंगणवाडी आणि शाळा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. कायद्यात तांदूळ, गहू आणि भरडधान्य तिन्हींचा उल्लेख आहे, पण पिशवीत गहू आणि तांदूळच जास्त येतो. ज्वारीची भाकरी एकेकाळी गरिबाचे अन्न म्हणून हिणवली गेली, चपाती प्रतिष्ठेची झाली. आज गहू फुकट मिळतो आणि ज्वारी बाजारभावाने विकत घ्यावी लागते. सिलिॲकचे मूल असलेल्या मजूर कुटुंबाला हा फरक दरमहा सोसावा लागतो.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी, असा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा शिधावाटप कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे जाण्याची तरतूद याच कायद्यात आहे. एकट्या कुटुंबाचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. संघटनेने तो हाती घेतला तर मागणी होते.

अंगणवाडीच्या पाकिटबंद आहारात गहू असू शकतो, म्हणून सेविकेला लेखी कळवावे. शाळेतील भात-खिचडी चालू शकते, पण हिंग-मसाला तपासून घ्यावा आणि वाटपाच्या बिस्किटांची सूचना वर्गशिक्षकांना द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, तेव्हा न वाढणाऱ्या मुलाला त्यांच्यासमोर जरूर न्यावे.

वेगळ्या ताटाचा प्रश्न

आपल्या समाजासाठी "वेगळे भांडे" हे साधे शब्द नाहीत. हॉटेलात बाजूला ठेवलेली वेगळी कपबशी, वरून ओतलेले पाणी, लांब बसवलेली पंगत हे आपल्या आजी-आजोबांनी सोसले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. एकत्र जेवणे हे आपल्याकडे समतेचे आचरण आहे.

अशा समाजात एखादी आई भोजनदानाला मुलाचा डबा घेऊन येते, वाढलेली पुरी नम्रपणे परत करते, तेव्हा "आमच्या हातचं चालत नाही का?" हा प्रश्न उठतो. त्यामागे इतिहास आहे, म्हणून त्या बाईवर किंवा विचारणाऱ्यावर रागावून उपयोग नाही. समजावून सांगावे लागते. अस्पृश्यतेत माणूस वर्ज्य होता, इथे फक्त एक धान्य वर्ज्य आहे. ते वेगळे भांडे माणसाला पंगतीबाहेर ठेवण्यासाठी होते, हे वेगळे भांडे मुलाला पंगतीत बसता यावे म्हणून आहे. मूल कोपऱ्यात एकटे डबा खात असेल, तर त्याचे अन्न सुरक्षित असूनही आपली पंगत अपुरीच म्हणावी लागेल.

याबाबत धम्माची शिकवण स्पष्ट आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने पडलेल्या, कुणीच काळजी न घेतलेल्या एका भिक्खूची कथा आहे. बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, बिछान्यावर ठेवले आणि संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. तिथेच चांगल्या सेवकाचे गुण सांगितले आहेत. त्यांतला एक असा की रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याने जाणावे, न मानवणारे दूर करावे आणि मानवणारे आणून द्यावे. सिलिॲकच्या घराला समाजाकडून नेमके एवढेच हवे आहे.

विहार आणि शाखांनी काय करावे?

१. बुद्ध पौर्णिमेची खीर तांदळाची करावी, शेवयांची नको. भांडे आणि पळी स्वच्छ ठेवली की ती सगळ्यांना एकत्र खाता येते.
२. भोजनदानात भात, वरण आणि एक भाजी हिंगाविना करावी. सिलिॲकच्या व्यक्तीला पुऱ्या सुरू होण्यापूर्वी, वेगळ्या पळीने, सर्वांच्या ओळीत बसवून वाढावे.
३. श्रामणेर शिबीर आणि वर्षावासातील कार्यक्रमांच्या नोंदणी अर्जात आहाराच्या पथ्याचा रकाना ठेवावा.
४. ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या अन्नवाटप केंद्रांवर पुरी-पावासोबत भात किंवा केळी ठेवून तसा फलक लावावा.
५. आरोग्य शिबिरात रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ असलेल्यांना सिलिॲकच्या तपासणीसाठी पाठवावे.
६. मुलीचे लग्न जुळणार नाही म्हणून आजार लपवणाऱ्या घरांशी बोलावे. सासरी गेल्यावर सगळ्यांच्या चपात्या लाटताना तिला स्वतःची भाकरी वेगळी करता आली नाही, तर तिची तब्येत ढासळते. लग्नाआधी दोन्ही घरांना माहिती असणे तिच्या हिताचे आहे.

आहार नीट पाळला तर मुलांचे आतडे बहुधा पूर्ण भरून येते, वजन वाढते, उंची वाढते, शाळा नियमित होते. मोठ्यांना थोडा जास्त काळ लागतो. दर वर्षी तपासणी चालू ठेवावी. घराने कितीही सांभाळले तरी मूल दिवसाचा मोठा भाग घराबाहेर असते, आणि तिथली जबाबदारी आपली आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.