'शीळ' कोणाची? एका अर्धस्मृत भावगीताचा शोध

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात एका गाण्याचा उल्लेख अधूनमधून येतो. शब्द पूर्ण आठवत नाहीत. रानातून घुमत गेलेली एक शीळ, ती ऐकून कासावीस झालेली स्त्री आणि संथ, लांबवत नेलेली चाल एवढेच स्मरणात उरलेले असते. गाणे कोणाचे म्हणून विचारावे, तर कोणी 'लोकगीत' म्हणतो, कोणी 'जोशींचे' म्हणतो. कवीचे नाव सहसा निघत नाही. मराठी भावगीताच्या इतिहासात ज्या रचनेला आरंभाचा मान दिला जातो, तिच्या बाबतीत असे व्हावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

हे गाणे म्हणजे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा. वऱ्हाडातीलच बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे त्यांनी वकिली केली आणि आयुष्य तेथेच काढले. जी. एन. जोशी यांनी या कवितेला चाल लावली, ती स्वतः गायिली आणि १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' हाही १९३२ चाच. तबकड्यांवर तोवर नाट्यपदांचे राज्य होते. रंगभूमीशी वा कथानकाशी संबंध नसलेली एक सुटी कविता केवळ तिच्या भावासाठी गायिली जावी आणि घरोघर पोहोचावी, ही घटना त्या काळी नवी होती.

मग कवी विसरला का गेला? याचे उत्तर दोन तारखांमधील अंतरात सापडते. तबकडी आली तेव्हा कवीचे वय अवघे तेवीसच्या आसपास होते. 'शीळ' हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे जवळजवळ बावीस वर्षे ही कविता पुस्तकाविना, केवळ कानावर जगली. त्या काळच्या तबकडीवर गायकाचे नाव ठळक असे. कवीचे नाव प्रत्येक वेळी असेच असे नाही. ज्या रचनेला लिखित आधार नाही आणि जी सर्वांच्या तोंडी आहे, तिला समाज सहजच लोकगीत समजू लागतो. आपल्याकडे ओव्यांचे आणि लावण्यांचे कर्तृत्व असेच हरवत गेले आहे. येथे फरक इतकाच, की हरवण्याची प्रक्रिया आधुनिक यंत्राच्या साहाय्याने घडली.

ओळख पटल्यावर मूल्यमापनाचा प्रश्न उभा राहतो. पहिला आक्षेप असा, की या रचनेचे यश चालीचे आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. जोशींनी ताना-पलट्यांचा मोह आवरला आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील अशी मांडणी केली. परंतु त्या मांडणीला वाव शब्दांनीच दिला. कवितेचा कणा आहे एक निःशब्द ध्वनी. प्रियकर कवितेत बोलत नाही, त्याची शीळच काय ती ऐकू येते. जे काही बोलायचे ते तिने. ती त्याला वेळकाळाचे भान नसल्याबद्दल रागावते, आणि त्या रागावण्यातूनच तिची ओढ व्यक्त होते. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत मावेल असा हा एकच क्षण आहे. त्याचा विस्तार करण्याचा हव्यास कवीने केला नाही.

दुसरा आक्षेप जानपदपणाचा. मेहकरच्या वकिलाने खेड्यातील स्त्रीची बोली वापरावी, ही त्या दशकातील जानपद गीतांची हौसच म्हणायची काय? कवितेतील बोलीरूपे पाहिली, तर ती खास वऱ्हाडी म्हणण्यापेक्षा ग्रामीण मराठीत बहुतेक ठिकाणी आढळणारी आहेत. आपल्या भागाचे गाणे म्हणून तिच्यावर हक्क सांगताना हे मान्य करावे लागते. बोली येथे लयीसाठी आणि जवळिकीसाठी आली आहे. प्रदेशाचे चित्रण करणे हा कवितेचा हेतू नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पुरुषाने लिहिलेले आणि पुरुषानेच गायिलेले हे स्त्रीचे मनोगत आहे. शाहिरी लावणीपासून ही परंपरा चालत आली आहे, म्हणून ती निर्दोष ठरत नाही. मात्र लावणीतील स्त्री बहुधा समोरच्याला रिझवण्यासाठी बोलते. 'शीळ'मधील स्त्री त्याच्या कुळाच्या थोरवीची आठवण देऊन त्याला सावध करते. तो मोठ्या घरचा आहे, गवगवा झाला तर काय, हे तिला पक्के ठाऊक आहे. ही सामाजिक जाणीव श्रवणाच्या गोडीत निसटते आणि कविता वाचताना पुन्हा दिसू लागते. माझ्या मते या रचनेचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे, आणि केवळ चालीच्या आठवणीवर विसंबणाऱ्यांना ते सापडत नाही.

गीताला काव्य म्हणावे की नाही, हा वाद आपल्या समीक्षेत जुना आहे. १९७३ साली यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. गीतकाराला तो मान मिळाला, म्हणून वाद मिटला असे नाही. ना. घ. देशपांडे यांना तर 'खूणगाठी' या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८६ मध्ये, म्हणजे तबकडीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर. २००० साली ते गेले. आपला वाङ्मयेतिहास पुस्तकांच्या प्रकाशनवर्षांवर रचलेला असल्याने १९३२ ची 'शीळ' त्यात १९५४ च्या रकान्यात जाऊन बसते, आणि तिच्यामागून आलेल्या भावगीतांशी असलेले तिचे नाते धूसर होते. भावकवितेचा तास घेणाऱ्या अध्यापकांनी एकदा ही तबकडी वर्गात ऐकवावी आणि लगेच संग्रहातील कविता वाचायला द्यावी. दोहोंत कोठे काय गळते आणि कोठे काय वाढते, याची नोंद विद्यार्थ्यांनीच करावी. ज्यांना ते गाणे अर्धे आठवते अशी माणसे अजून गावोगावी आहेत, तोवर त्यांनाही विचारून घ्यावे.