सातवा सोबती

ज्या वाटेनें आपण नित्य जातों तिचा इतिहास आपणांस ठाऊक असतो, हा मनुष्यमात्राचा एक गोड भ्रम आहे. पुण्याच्या प्रभात रस्त्यावरील एका गल्लींत आम्ही चोवीस वर्षें भाड्यानें राहिलों, आणि त्यांपैकीं शेवटचीं तेरा वर्षें रोज पहांटे मोत्या नांवाच्या कुत्र्याची सांखळी हातीं धरून लॉ कॉलेज रस्त्यानें फिरावयास गेलों. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. तथापि या मैलभर वाटेचा इतिहास आम्ही ग्रंथांपेक्षां थांबत थांबत अधिक शिकलों, आणि कोठें थांबावयाचें हें ठरविणारा मोत्या होता. कुत्र्याबरोबर चालणारास घाई करतां येत नाहीं. प्रत्येक खांब, प्रत्येक कुंपण त्यास नव्यानें वाचावयाचें असतें, आणि तोंपर्यंत मालकानें समोरची पाटी वाचावी, यापलीकडे त्यास उद्योग उरत नाहीं.

येत्या गुरुवारीं आमचें बिऱ्हाड हलणार. राहता बंगला पाडून तेथें सहा मजली इमारत उठावयाची आहे. आमचें पुढील वास्तव्य कन्येच्या गांवीं, एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. तत्पूर्वीं या वाटेविषयीं चार शब्द लिहून ठेवावेत असें वाटतें.

गल्लींतून बाहेर पडलें म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट डाव्या हातास राहते. आमच्या रस्त्यास जिचें नांव आहे ती प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली, आणि १९३३ मध्यें आपला सगळा पसारा उचलून पुण्यास आली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, म्हणजे येथलाच. १९५३ मध्यें कंपनी बंद पडली; १९६० मध्यें त्या जागेंत सरकारची शिक्षणसंस्था आली. म्हणजे प्रभातचें पुण्यांतील आयुष्य अवघें वीस वर्षांचें, आमच्या बिऱ्हाडाहूनहि चार वर्षांनीं कमी! तरी रस्त्यास नांव तिचेंच राहिलें. भाड्यानें राहणाऱ्या प्राध्यापकाचें नांव गल्लीस कोणी देत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

आम्ही उजव्या हातास वळत असूं. लॉ कॉलेज १९२४ सालचें. त्याच्या फाटकाविषयीं मोत्यास कधींच आस्था वाटली नाहीं, म्हणून आम्हीहि तें येथें सोडून देतों. पुढें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें नांव धारण करून ही संस्था ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झाली, आणि १९१९ मध्यें तिनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें कार्य हातीं घेतलें. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या निरनिराळ्या लिपींतील पोथ्या जमवावयाच्या, त्या शब्दशः ताडून पाहावयाच्या, आणि मागून घुसलेलें वगळीत वगळीत जुन्यांत जुना असा पाठ निश्चित करावयाचा, असें तें काम. एकंदर १,२५९ पोथ्यांचा त्यांत उपयोग झाला. १९२५ पासून या कार्याची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं वाहिली. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. पुढें बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळले. त्यांचें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, आणि १९४३ मध्यें, ग्रंथ अर्ध्यावरहि आला नसतां, ते निवर्तले. डॉ. बेलवलकर व त्यांच्यामागून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं तें काम पुढें नेलें, आणि सप्टेंबर १९६६ मध्यें राष्ट्रपति राधाकृष्णन् यांनीं या आवृत्तीच्या समाप्तीची घोषणा केली. जी वाट आम्ही वीस मिनिटांत ओलांडतों तिच्या कडेस एका वाड्यांत माणसें सत्तेचाळीस वर्षें एक ग्रंथ नीट लावीत बसलीं होतीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांस सांगतांना आमचा आवाज अजूनहि थोडा बदलतो. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें हल्ला करून पुस्तकांची व पोथ्यांची नासधूस केली. त्याविषयीं जितकें थोडें बोलावें तितकें बरें.

संस्थेमागें टेंकडी आहे. मोत्या तरुण होता तोंवर आम्ही वरपर्यंत चढत असूं. या टेंकड्यांचे खरे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. तेहि गणिती, आणि त्यांचें घर या संस्थेच्या शेजारांतच होतें. इतिहास दप्तरांत बसून जितका कळतो त्याहून अधिक पायीं हिंडून कळतो, हें आमच्याकडे त्यांच्याइतकें कोणीं आचरून दाखविलें नाहीं. धनगरांच्या वाटा, उघड्यावरच्या शेंदूर फासलेल्या देवता आणि नखाएवढीं दगडी हत्यारें, या तिहींची सांगड घालून त्यांनीं असें दाखविलें कीं, आज पालख्या ज्या मार्गांनीं जातात त्यांतले कांहीं लेखनकलेच्याहि पूर्वींचे, गुरेंमेंढरें हांकीत ऋतूप्रमाणें स्थलांतर करणाऱ्यांच्या पायांनीं पडलेले आहेत. हा विचार त्यांच्या १९६२ सालच्या इंग्रजी ग्रंथांत आहे. आम्हीं तो पदवीच्या वर्गांत वाचला; परंतु तो पटला तो टेंकडीवर. मेंढरांबरोबर कुत्रा असतोच. तेव्हां मोत्याचे पूर्वज या वाटेवर आमच्या पूर्वजांच्या पुढें कीं मागें, इतकाच प्रश्न उरतो. कोसंबी जून १९६६ मध्यें वारले. शेजारची आवृत्ति पुरी झाल्याचें ऐकावयास तीन महिने कमी पडले.

गेलीं दोन वर्षें टेंकडी सुटली आहे. मोत्याचे मागचे पाय धरतात, आणि परततांना संस्थेच्या फाटकापाशीं तो बसकण मारतो. तो उठेपर्यंत आम्हीहि उभे. अशाच एका पहांटे आमच्या ध्यानांत आलें कीं, आंत जो ग्रंथ शुद्ध झाला त्याच्या दोन्ही टोंकांस कुत्रा आहे. आदिपर्वाच्या आरंभींच जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पोर येतें. राजाचे भाऊ त्यास मारून हांकलतात. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. त्याची आई राजास जाब विचारते. कोणास उत्तर देतां येत नाहीं, आणि ती शाप देऊन निघून जाते. आणि शेवटास, अवघ्या तीन अध्यायांच्या महाप्रस्थानिक पर्वांत, पांच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा अशीं तीं हस्तिनापुराबाहेर पडतात.

आतां आमची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नव्या इमारतींत कुत्र्यास पुढच्या लिफ्टनें नेऊं नये, आवाज होऊं देऊं नये, असे पुष्कळ दंडक आहेत. आमच्या गल्लींतील इस्त्रीवाल्यानें मोत्यास ठेवून घेण्याचें कबूल केलें. त्याच्या खाण्याचे पैसे आम्हीं दरमहा पाठवावे असें ठरलें. सर्वांस तें सोयीचें वाटलें. आम्हींहि होकार दिला होता.

पर्वाची कथा आम्ही वर्गांत सांगत असूं ती अशी कीं, कुत्रा हा वस्तुतः धर्म होता आणि ती राजाची परीक्षा होती. फाटकापाशीं उभें राहून विचार करतां त्यांत एक लबाडी दिसली. इंद्र रथांत बैस म्हणतो आणि युधिष्ठिर कुत्र्यावांचून बसत नाहीं, त्या क्षणीं हा धर्म आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. त्याच्या दृष्टीनें तो नुसता कुत्रा होता. त्यानें त्यास बोलाविलेंहि नव्हतें. नगरजन कांहीं अंतरावरून परतले, हा परतला नाहीं, इतकेंच. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, तेव्हां मागें वळून न पाहणारा हा पुरुष एका निनांवी जनावरासाठीं स्वर्गाच्या दारांत अडून बसला; आणि आम्ही लिफ्टच्या दारांत अडलों होतों.

मोत्या आमच्याबरोबर येत आहे. इस्त्रीवाल्यास तसें सांगितलें तेव्हां तो हिरमुसला. त्याच्या धाकट्या मुलानें गोणपाटाचें अंथरूण करून ठेवलें होतें. तें त्यानें आम्हांस दिलें. गुरुवारीं सामानाची गाडी आठ वाजतां येणार आहे. आम्ही दोघे पांचास निघूं.