पेढीच्या बाहेरच्या वाटा

बुऱ्हाणपूरकरांना कुंडी भंडारा ठाऊक आहेच. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या राजवटीत, भुयारी वाटेने शहराकडे आणले गेले. घरागणिक भुयार कोणी खोदले नाही. वाट सामाईक होती. पेढीच्या दूरध्वनीची ट्रंक लाइन ही तशीच सामाईक वाट होय. आत वीस यंत्रे असली, तरी बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्याच.

पूर्वी अडचण वेगळीच होती. परगावचा ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. पुढे ती जसजशी पसरली, तसतशी ती प्रतीक्षा संपली. मग खोळंबा पेढीच्या उंबरठ्यावर येऊन बसला.

लाइनी किती घ्याव्यात, याचे सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले. गर्दीच्या तासात वीसही यंत्रांवर प्रत्येकी सहा मिनिटे बोलणे व्हायचे असेल, तर सरासरी एका वेळी दोन संभाषणे पडतात. तेव्हा दोन लाइनी पुरेत, असे काटकसरी मालक म्हणेल आणि तिथेच फसेल. माणसे पाळीपाळीने थोडीच बोलतात! या सूत्राने दोन लाइनींवर शेकडा ४० फोन परततात. चारांवर सुमारे १०, सहांवर जेमतेम एक.

कापडाचा भाव विचारणारे गिऱ्हाईक ‘एंगेज’चा सूर ऐकून शेजारच्या पेढीचा क्रमांक फिरवते. म्हणूनच काही लाइनी केवळ येणाऱ्या फोनांसाठी राखणे शहाणपणाचे. कारकुनांच्या गप्पांनी मग त्या अडत नाहीत.