आयर्नचा फटका : गोल्फमधील एका हस्तज्ञानाचा इतिहास

प्रास्ताविक

गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो, खेळाडूजवळ वेळ असतो आणि प्रतिस्पर्धी त्याचा फटका अडवीत नाही. असे असूनही लोखंडी मुखाच्या क्लबने, म्हणजे ‘आयर्न’ने, तो चेंडू स्वच्छ मारणे हे या खेळातील अत्यंत कठीण काम समजले जाते. नवशिक्याला चेंडू हवेत उचलावयाचा असतो, म्हणून तो क्लब चेंडूखाली घालून वर काढू पाहतो. परिणामी क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या माथ्यावर घासून जातो. निष्णात खेळाडूचा क्लब मात्र चेंडूला भेटताना खाली येत असतो. आधी चेंडू, मग माती, हा त्याचा क्रम होय. चेंडू वर जातो तो मुखाच्या तिरकेपणामुळे व त्यातून मिळणाऱ्या उलट्या फिरकीमुळे. विटीच्या टोकावर वरून टोला दिला की विटी उसळते, हे आपल्याकडील मुलाला कोणी समजावून सांगत नाही; ते त्याच्या हाताला कळते. दोन्हींमागील यांत्रिकी वेगळी असली तरी ज्ञानाची जात एकच आहे.

हा फटका कसा मारावा हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. तो प्रत्यक्षात कसा घडतो हे केव्हा, कोणाला व कोणत्या क्रमाने उमगले, याचा येथे विचार केला आहे. खेळांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या याद्यांतून लिहिला जातो. आयर्नच्या फटक्याचा इतिहास अशा यादीत मावत नाही. ते ज्ञान प्रामुख्याने चेंडू बनविणारे कारागीर, कॅडी आणि पोटासाठी खेळणारे व्यावसायिक यांनी घडविले. ग्रंथांत ते उशिरा, आणि पुष्कळदा चुकीच्या रूपात उतरले.

पिसांचा चेंडू आणि उपेक्षित लोखंड

इ.स. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली, इतका तो तेथे तेव्हाच रुजला होता. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेळाडूच्या हाती लाकडी क्लबच अधिक असत. याचे कारण चेंडूत होते. चामड्याच्या लहान पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरावयाची व तोंड शिवून टाकावयाचे, अशी त्याची रीत होती. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडूच होत. असा महाग चेंडू लोखंडाच्या एका चुकार घावाने फाटे. त्यामुळे गाडीच्या चाकोरीत किंवा वाळूत चेंडू अडकला तरच आयर्न बाहेर निघे. ते संकटसमयीचे अवजार होते.

इ.स. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला आणि ही स्थिती पालटली. गटापर्चा म्हणजे मलाया प्रदेशातील एका वृक्षाचा गोठलेला चीक. उष्णतेने तो मऊ होतो व थंड झाल्यावर कठीण बनतो. सेंट अँड्र्यूज येथील पॅटरसन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, ती या चिकाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्यांतूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी कथा सांगतात. भारतीय वाचकाला ती सुखावणारी असली तरी तिला आख्यायिकेपेक्षा अधिक मोल देणे धाडसाचे ठरेल. कलकत्त्यात १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले होते. पूर्वेकडील मालाची व स्कॉटिश माणसांची ये-जा नित्याची होती, एवढे मात्र निश्चित.

नवा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता आणि लोखंडाचा मार सोसणारा होता. सेंट अँड्र्यूजचा नामांकित चेंडू-कारागीर व त्या काळचा श्रेष्ठ खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन याचा पिढीजात धंदा त्यामुळे धोक्यात आला. त्याच्याच कार्यशाळेतील टॉम मॉरिस गटापर्चाच्या चेंडूने खेळला, यावरून दोघांत बेबनाव झाला आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. पुढे रॉबर्टसनलाही काळाची पावले ओळखावी लागली. विशेष हे की, हिरवळीकडे जाणाऱ्या जवळच्या फटक्यांसाठी आयर्नचा हुकमी वापर रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. १८५८ मध्ये त्याने सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान ७९ फटक्यांत पूर्ण केले. त्यापूर्वी ८० च्या आत कोणी आल्याची नोंद नाही. ज्या चेंडूला त्याने विरोध केला त्यानेच त्याच्या हातातील लोखंडाला प्रतिष्ठा दिली.

दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुरुवातीचे गटापर्चाचे चेंडू गुळगुळीत होते. ते थोडे अंतर जाऊन एकदम खाली कोसळत. मात्र आयर्नचे घाव बसून खडबडीत झालेला जुना चेंडू सरळ व दूर जातो, हे खेळणाऱ्यांच्या व कॅडींच्या ध्यानात आले. मग कारागीर नवा चेंडू हातोडीने ठोकून त्यावर खाचा पाडू लागले. नंतर साच्यातूनच नक्षी उमटविली जाऊ लागली. हवेच्या प्रवाहाचे गणित अद्याप कोणी मांडले नव्हते. ज्यांनी हा शोध लावला त्यांची नावेही उपलब्ध नाहीत.

टॉम मॉरिसचा मुलगा धाकटा टॉम याने १८६८ ते १८७२ या काळात चार वेळा ओपन स्पर्धा जिंकली. चाकोरीतून चेंडू काढण्याचे लहान मुखाचे आयर्न त्याने हिरवळीवर चेंडू उंचावरून उतरविण्यासाठी वापरले. संकटातील अवजार आता आक्रमणाचे झाले. १८७५ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तो मरण पावला.

प्राध्यापक टेट आणि उलटी फिरकी

एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांना गोल्फचे विलक्षण वेड होते. उडालेल्या चेंडूचा मार्ग केवळ वेग, गुरुत्वाकर्षण व हवेचा रोध यांच्या आधारे काढला, तर तो प्रत्यक्षाशी जुळत नाही. चेंडू गणितापेक्षा जास्त वेळ हवेत राहतो, ही विसंगती त्यांना अस्वस्थ करीत होती. इ.स. १८९० च्या दशकातील लेखांतून त्यांनी तिचे उत्तर दिले. चेंडूला उलटी फिरकी मिळालेली असते व ती त्याला हवेत उचलून धरते. ही फिरकी मोजण्यासाठी त्यांनी चेंडूला लांब फीत जोडून ती किती पिळली जाते हे पाहिले. साधन साधे, पण निष्कर्ष दूरगामी होता. तोपर्यंत फिरकी हा फटक्यातील दोष समजला जाई. टेट यांनी तो फटक्याचा प्राण असल्याचे दाखविले.

त्यांचे चिरंजीव फ्रेडी टेट १८९६ व १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी स्पर्धेचे विजेते झाले. वडिलांनी चेंडू अमुक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही असे सिद्ध केले आणि मुलाने दुसऱ्याच दिवशी ते खोटे ठरविले, ही दंतकथा पुढे फार लोकप्रिय झाली. विद्वानाचे गणित मैदानावर फसते, या कल्पनेतच लोकांना गोडी असते. वस्तुतः टेट यांच्या संशोधनाचा गाभा नेमका याच्या उलट आहे. मैदानावर जे घडते ते खरे मानून त्यांनी आपले गणित बदलले. फ्रेडी १९०० मध्ये बोअर युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापकांचेही निधन झाले.

कॅडी, व्यावसायिक आणि क्लबहाऊसचे दार

फिरकीचा सिद्धान्त विद्वत्परिषदांत मांडला जात असताना ती मैदानावर हुकमीपणे वापरणारे लोक समाजाच्या वेगळ्या थरातील होते. पाच वेळा ओपन जिंकणारे जे. एच. टेलर बालपणी कॅडी होते. ‘मॅशी’ या मध्यम तिरकेपणाच्या आयर्नने हिरवळीवर चेंडू टाकण्यात त्यांचा हातखंडा होता. सहा वेळा ओपन जिंकणारे हॅरी व्हार्डन जर्सी बेटावरील एका माळ्याचे पुत्र होते. व्यावसायिक म्हणजे सभासदांचा नोकर, ही दृष्टी इतकी घट्ट होती की, १९०१ मध्ये टेलर प्रभृतींना स्वतःची संघटना उभारावी लागली. १९२० मध्ये अमेरिकेचे वॉल्टर हेगन डील येथील ओपनसाठी आले असता त्यांनाही क्लबहाऊसचे दार बंदच होते. ज्यांच्याकडून शिकावयाचे त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, अशी ही व्यवस्था होती. त्यांच्या ज्ञानाची नोंद विस्कळीत राहिली, याचे नवल वाटू नये.

दरम्यान रबरी धाग्यांचा हॅस्केल चेंडू आला व १९०२ च्या ओपनमध्ये विजयी ठरला. चेंडू अधिक उसळता झाल्याने तो थांबविण्याची गरज वाढली. १९२१ मध्ये जॉक हचिसन यांनी खोल खाचांची आयर्न वापरून ओपन जिंकली आणि लवकरच अशा क्लबांवर बंदी आली. खाचांचा हा वाद येथे संपला नाही.

हिकरीकडून पोलादाकडे

जुन्या क्लबचा दांडा हिकरी लाकडाचा असे. जोरात फिरविला की तो पिळे आणि हे पिळणे खेळाडूला हाताने सांभाळून घ्यावे लागे. प्रत्येक दांड्याचा स्वभाव निराळा असे. अमेरिकेत १९२४ मध्ये व ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये पोलादी दांड्याला मान्यता मिळाली. संचातील सर्व क्लब एकसारखे वागू लागले. मॅशी, निब्लिक ही जुनी नावे जाऊन आकडे आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस एका खेळाडूजवळ चौदाच क्लब असावेत असा दंडक झाला. नावांबरोबर बरेच हस्तकौशल्यही लोपले, असे म्हणावे लागते.

पोलादी युगाचा मानदंड म्हणजे बेन होगन. टेक्सासमधील एका लोहाराचा हा मुलगा फोर्ट वर्थला कॅडी होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये बसशी झालेल्या अपघातात त्यांचा देह मोडला. सोळा महिन्यांनी मेरियन येथील यू. एस. ओपनच्या शेवटच्या होलवर त्यांनी अत्यंत कमी तिरकेपणाच्या ‘एक क्रमांकाच्या आयर्न’ने चेंडू हिरवळीवर पोचविला आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत विजय मिळविला. १९५७ मध्ये हर्बर्ट वॉरन विंड यांच्या सहकार्याने त्यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आघाताच्या क्षणी डावे मनगट लक्ष्याच्या दिशेने पुढे झुकलेले असते व हात चेंडूच्या पुढे असतात, हे त्यात सचित्र सांगितले आहे. क्लब मागून पुढे लोटून चेंडू उचलण्याच्या सवयीवर हा नेमका उपाय होता. तथापि हे पुस्तक सर्वांसाठी सारखेच उपयुक्त आहे असे म्हणता येणार नाही. होगन यांचा आयुष्यभराचा शत्रू डावीकडे वळणारा चेंडू होता. सामान्य खेळाडूचा चेंडू उजवीकडे जातो. वैद्याने स्वतःच्या दुखण्याचे औषध सर्व गावाला द्यावे, तसा काहीसा प्रकार येथे झाला.

अर्धसहस्रांश सेकंद

इ.स. १९६८ मध्ये अ‍ॅलॅस्टर कॉकरन व जॉन स्टॉब्ज यांचा ब्रिटनमधील दीर्घ संशोधनावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्लब व चेंडू यांचा संपर्क सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो, या वस्तुस्थितीचा अर्थ त्यात उलगडला आहे. आघाताची जाणीव मेंदूपर्यंत पोचण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे आघातसमयी मनगटाने काही ‘करणे’ अशक्य आहे. जे करावयाचे ते आधीच झालेले असावे लागते. चेंडूला ‘पकडून ठेवण्याच्या’ अनेक सूचना यामुळे निराधार ठरल्या.

त्याच सुमारास नॉर्वेत जन्मलेले अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी प्रश्न उलट बाजूने हाताळला. आयर्नच्या मुखाचे वजन मध्यातून काढून कडांकडे नेले, तर चुकीच्या जागी बसलेल्या फटक्यातही मुख कमी वळते. त्यांच्या ‘पिंग’ क्लबांनी सामान्य खेळाडूला मोठा दिलासा दिला. मात्र फटका सुधारला की चूक झाकली गेली, हा प्रश्न शिल्लक राहिला. १९८० च्या दशकात त्यांच्या क्लबांवरील खाचांवरून नियामक संस्थेशी तंटा झाला व तो न्यायालयापर्यंत गेला. २०१० पासून व्यावसायिक स्पर्धांत खाचांचे नियम पुन्हा कडक झाले.

डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमन या कंपनीच्या रडार यंत्राने फटक्याचे मोजमाप सरावाच्या मैदानावर आणले. चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो व मग मुखाच्या दिशेने वळतो, असे शिक्षकांच्या पिढ्या सांगत आल्या होत्या. आयर्नच्या बाबतीत सुरुवातीची दिशा सुमारे तीन-चतुर्थांश मुखच ठरविते, असे मोजणीतून दिसले. याउलट, अव्वल व्यावसायिकाचे सात क्रमांकाचे आयर्न चेंडूला भेटताना सुमारे चार अंश खाली येत असते, हा आकडा जुन्या कॅडींच्या हातांना अपरिचित नव्हता. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लक्षावधी फटक्यांच्या नोंदींवरून दाखविले की, अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे जातात त्यातील सुमारे ४० टक्के वाटा हिरवळीकडे मारलेल्या फटक्यांचा, म्हणजे बहुतांशी आयर्नचा असतो. ज्यावर पैसा मिळतो असे सर्वत्र मानले जाई, त्या होलजवळच्या पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच भरला.